रेम लुकिच आणि युद्ध न होण्याची कारणं

आमच्या कामेन्नी ब्रोद गावात गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलत नाहीत. मी बोलणार आहे. रेम लुकिच ओबूखोव गेल्या ऑक्टोबरात गेले. त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारे भरपूर झाले, जिल्ह्याच्या कचेरीतून हारसुद्धा आला. पण मी, फईना, गावच्या वाचनालयाची बाई, त्यांच्या व्याख्यानांना पंचेचाळीस वर्षं खुर्च्या मांडत आले. मला जे माहीत आहे ते हार पाठवणाऱ्यांना माहीत नाही.

त्यांचे वडील पक्षाचे कट्टर कार्यकर्ते. रेवोल्युत्सिया म्हणजे आमच्या भाषेत क्रांती, ती, एंगेल्स आणि मार्क्स या तिघांची पहिली अक्षरं जुळवून त्यांनी पोराचं नाव ठेवलं रेम. असलं नाव घेऊन जन्माला आलेला माणूस जग समजावून सांगणार नाही तर काय करणार? शाळेत ते भूगोल शिकवत, पण ते पोटापुरतं. जीव सगळा व्याख्यानात. त्या काळी जिल्ह्याजिल्ह्यात व्याख्याते असत. त्यांना फिरतीचा कागद मिळे आणि जिथे बोलले तिथला शिक्का त्यावर घेऊन यायचं. विषय जन्मभर एकच, आंतरराष्ट्रीय परिस्थिती. काखेत गुंडाळलेला नकाशा आणि हातात वेताची छडी घेऊन रेम लुकिच सामुदायिक शेतीच्या गोठ्यावर, ट्रॅक्टरच्या शेडमध्ये, वृद्धाश्रमात जात. आपलं सरकार अमुक गोष्ट का करतं, परके लोक तिचा काय अर्थ लावतात आणि तो कसा साफ चुकीचा असतो, हे सांगत.

गोठ्यावरच्या बायका धारा काढून तशाच येऊन बसत. व्याख्यान म्हणजे त्यांना अर्धा तास पाठ टेकायला मिळे. मांडीवर हात ठेवून त्या अंगोलाबद्दल ऐकत, क्यूबाबद्दल ऐकत, आणि शेवटी रेम लुकिच म्हणत, "काही प्रश्न?"

पहिला प्रश्न कायम ग्लाफिराचा. बापाच्या नावावरून आम्ही तिला निकितिच्ना म्हणतो. रेम लुकिचच्या शेजारचं घर तिचं. ती उभी राहायची आणि विचारायची, "युद्ध होणार का?"

हसू नका. आमच्या गावावरून मागच्या महायुद्धात आघाडी दोनदा गेली, एकदा येताना आणि एकदा जाताना. ग्लाफिराची आजी दोन्ही वेळा बटाट्याच्या तळघरात बसून होती. आम्हाला अंगोलाशी काय घेणंदेणं? आम्हाला तेवढंच हवं असे.

रेम लुकिच चष्मा काढत, पुसत आणि म्हणत, "होणार नाही." मग कारणं सांगत. कारणं त्यांच्याकडे कधी कमी पडली नाहीत.

"आणि साबण कधी येणार?" मागून कुणीतरी विचारी.

"ते मला सांगता येणार नाही, बाई. ते लष्करी गुपित आहे."

बायका हसत हसत घरी जात. एकोणऐंशीच्या डिसेंबरात त्यांचं चुकलं. आपलं सैन्य अफगाणिस्तानात गेलं. पण पुढच्या व्याख्यानाला खुलासा तयार होता. ते युद्ध नव्हे, ती शेजाऱ्याला मदत. आम्ही माना डोलावल्या. शेजाऱ्याला मदत कोण करत नाही?

नव्वदनंतर व्याख्यानांचं खातंच बंद पडलं. शिक्का मारणारी कचेरी गेली, शिक्काही गेला. रेम लुकिच एक दिवस नकाशा घेऊन माझ्या वाचनालयात आले आणि म्हणाले, "फईना, गुरुवारी चार वाजता तुझ्याकडे काय असतं?" माझ्याकडे काय असणार, झुरळं असायची. तेव्हापासून गुरुवारी चार वाजता ते असत. एक पैसा न घेता. पंधरा-वीस म्हातारे यायचे, थंडी असली की जास्त, कारण वाचनालयाची शेगडी चांगली पेटायची.

आता नॉर्वेच्या माणसाचं सांगते, कारण सगळा घोळ तिथून आहे. २००९ साली हाल्वोर नावाचा एक लंबूटांग प्राध्यापक आमच्याकडे नऊ दिवस राहून गेला. रशिया शेजाऱ्यांशी असा का वागतो, याचा तो अभ्यास करत होता. त्यासाठी म्हणे राजधानीत जाऊन उपयोग नसतो, साध्या माणसाच्या घरी राहावं लागतं. राहिला तो रेम लुकिचकडे. चांगला माणूस. आमची भाषा पुस्तकातल्यासारखी बोलायचा, आणि प्रत्येक गोष्टीला "का?" विचारायचा. रेम लुकिचच्या घराभोवती दोन माणसं उंच पत्र्याचं कुंपण होतं. त्याने विचारलं, एवढं उंच का? रेम लुकिच गंभीर तोंड करून म्हणाले, "आपला देश सपाट आहे, हाल्वोर. दृष्टीला अडेल असं काहीच नाही. माणसाला भीती वाटते."

खरं कारण ग्लाफिराची बकरी. ती त्यांची कोबी खायची. कुंपण आधी कमरेएवढं होतं, मग छातीएवढं झालं, बकरी ते ओलांडायला शिकली, म्हणून दोन माणसं उंच केलं.

वर्षाने हाल्वोरचा लेख पोस्टाने आला, आमच्या भाषेत करून. त्यात कुंपणावर चार पानं! रशियन माणसाच्या मनात सपाट मैदानाची भीती आहे, म्हणून तो कुंपण उंच करतो आणि जमेल तेव्हा पुढे सरकवतो, आणि त्याचं परराष्ट्र धोरण म्हणजे दुसरं काही नाही, हेच कुंपण. रेम लुकिचनी तो गुरुवारी वाचून दाखवला. आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. ग्लाफिरा म्हणाली, "लिहा त्याला, बकरी मेली म्हणावं. आता काय धोरण?"

पण दोनेक वर्षांत माझ्या लक्षात आलं, की रेम लुकिच तीच चार पानं व्याख्यानात सांगतायत. गंभीरपणे. छडी नकाशावर फिरवत, "मंडळी, आपण सपाट मैदानातली माणसं," असं. मी एकदा बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, ही तर तुम्हीच मारलेली थाप. परक्याच्या तोंडून परत आली म्हणून काय खरी झाली?" ते म्हणाले, "फईना, परक्याला कधीकधी आपल्यापेक्षा नीट दिसतं." आणि त्याच व्याख्यानाच्या शेवटी, परक्यांना आपण कधीच कळत नाही, हेही सांगून मोकळे झाले. त्यांना त्यात काही विसंगत वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नाही.

मग बावीस सालचा हिवाळा आला.

सरहद्द आमच्यापासून तीस किलोमीटरवर. पलीकडच्या देशातलं पहिलं मोठं शहर खार्किव. गावातल्या निम्म्या घरांतल्या मुली तिकडे दिलेल्या, सुना तिकडून आणलेल्या. ग्लाफिराची धाकटी ऑलेस्या तिथे एका बालवाडीत बाई होती. नवऱ्याशी फारकत झालेली, एकटीच राहायची. पूर्वी दर महिन्याला आईकडे यायची, पण चौदा साली दोन्ही देशांचं बिनसलं, तेव्हापासून येणं कमी झालं, आणि कोरोनापासून तर फोनवरच. त्या जानेवारीपासून आमच्या रस्त्याने लष्कराच्या गाड्या जात होत्या. ताडपत्रीखाली काय आहे ते कुत्र्यालाही कळत होतं. शिपायांच्या खरेदीनं दुकानातले लोकरी मोजे संपले, शेवयांची पाकिटं संपली, सिगरेटी संपल्या. परके लोक तर तारीखसुद्धा सांगत होते. सोळा फेब्रुवारी. सोळा आली आणि गेली, काही झालं नाही. गावात विनोद सुरू झाले, की परक्यांचं घड्याळ मागे पडलंय.

सतराला गुरुवार होता. तेवीस माणसं आली, मला घरून स्टुलं आणावी लागली. रेम लुकिच त्या दिवशी इतके छान बोलले की काय सांगू. गॅसच्या नळाबद्दल बोलले, गव्हाबद्दल बोलले, दोन्हीकडच्या सोयरिकींबद्दल बोलले. मग छडी टेबलावर ठेवून म्हणाले, "मंडळी, ज्याला खरंच मारायचंय तो महिनाभर अंगणात उभा राहून सुरीला धार लावत बसत नाही. ही सुरी दाखवायची आहे. परके घाबरतील, बोलायला बसतील, काम होईल. ते आपल्याला वेडे समजतात. आपण वेडे नाही, व्यवहारी आहोत."

आम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा. त्या गाड्या मी रोज खिडकीतून बघत होते, तरी वाजवल्या.

ग्लाफिरा उभी राहिली. "रेम लुकिच, मला जगाचं नको. माझ्या ऑलेस्याचं सांगा. तिनं रविवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. लव्हिवला, आणि तिथून पोलंडला मैत्रिणीकडे. विचारते, आई, तुमच्याकडे काय म्हणतात? जाऊ का राहू?"

"काल सोळा तारीख होती, निकितिच्ना. काय झालं?"

"काय व्हायचंय? मी पनीर गाळलं."

"मग तिला तेवढंच सांगा. परके म्हणाले युद्ध होणार, आणि आईनं पनीर गाळलं."

सगळे हसले. ग्लाफिरा नाही हसली. "म्हणजे तिकीट परत करू दे?"

"करू दे. उगाच कशाला दुसऱ्याच्या दारात जाऊन बसायचं?"

तिने तिथल्या तिथे फोन लावला. खार्किव लांब आहे म्हणून ती नेहमी ओरडून बोलायची. "ऑलेस्या! नाही होणार म्हणतात! रेम लुकिच, अगं! हो, तेच, भूगोलाचे! परत कर तिकीट!" पलीकडून पोरगी काहीतरी म्हणाली, आणि ग्लाफिरा हसली. फोन ठेवून ती म्हणाली, "बरं झालं म्हणते. बालवाडीत तिचं नाटक बसतंय."

पुढच्या गुरुवारी पहाटे पाच वाजता आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

चार वाजता रेम लुकिच वाचनालयात आले. मी खुर्च्या मांडल्याच नव्हत्या. ते कोटासकट बसून राहिले, नकाशा मांडीवर. साडेचारला ग्लाफिरा आली. म्हणाली, ऑलेस्या भुयारी स्टेशनात आहे. जिन्यावर बसलीय, शेजारी एक बाई मांजर घेऊन बसलीय, ते मांजर सारखं रडतंय.

"दोन-तीन दिवसांत आटपेल," रेम लुकिच म्हणाले.

मी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी मान खाली घातली. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

आटपलं नाही. पंधरा दिवस ऑलेस्या त्या जिन्यावर होती. रस्ते बंद, गाड्यांत पाय ठेवायला जागा नाही. रोज फोन करायची. एकदा ग्लाफिराने फोन माझ्या कानाला लावला, तर पोरगी हसत हसत विचारत होती, "फईना मावशी, ते भूगोलाचे सर आता काय म्हणतात हो?" मी म्हटलं, सर्दी झालीय त्यांना. दुसरं काय सांगणार होते? अकरा मार्चला दुपारी ती केस धुवायला म्हणून वर आपल्या घरी गेली. पंधरा दिवस केस धुतले नव्हते तिने. इमारतीचा तो कोपराच गेला. मांजरवाल्या बाईने फोन करून सांगितलं.

पुरलं तिकडेच. ऐंशी किलोमीटरवर, आणि आईला जाता येईना. फोनवर एक फोटो आला, मातीचा ढीग, लाकडी क्रूस आणि त्यावर एक आकडा. ग्लाफिराने तो माझ्याकडून छापून घेतला. वाचनालयाच्या यंत्रात रंग संपला होता, म्हणून राखाडी आला. तिला वाटलं, तिकडे अजून बर्फ आहे.

टीव्हीवर सांगत होते, की पलीकडचे स्वतःचीच घरं स्वतः पाडतायत. ग्लाफिराने ते ऐकलं, टीव्ही बंद केला आणि त्यावर रुमाल टाकला. एप्रिलच्या मध्याला ती रेम लुकिचच्या दारात आली. मी वर्तमानपत्रं द्यायला गेले होते, म्हणून मी तिथे होते. तिच्या हातात आंबट सायीची बरणी होती. आमच्याकडे कुणी कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाही, आणि कुणाचं भांडं रिकामं परत करत नाही. ती कोपऱ्यातल्या बाकावर बसली, मांडीवर हात ठेवून.

"रेम लुकिच, कुणी केलं ते मी विचारत नाही," ती म्हणाली. "मला माहीत आहे. खार्किवकडे रॉकेटं कुठून जातात ते मी खिडकीतून बघितलंय. मला फक्त का ते सांगा. तुम्हाला माहीत असतं."

मला वाटलं, आता हा माणूस गुडघ्यावर बसेल. निदान रडेल. त्यांनी चष्मा काढला, पुसला. आणि मग ते बोलायला लागले.

"आपला देश सपाट आहे, निकितिच्ना. ना डोंगर, ना समुद्र. जो उठतो तो इकडून येतो. तुमच्या आजीनं दोनदा पाहिलं. म्हणून आपल्याला कुंपण पुढे सरकवावं लागतं. ते येणारच होते. आपण गेलो नसतो तर ते इथे आले असते, या अंगणात. ऑलेस्या मधे सापडली. तिच्यावर कुणाचा राग नव्हता."

ग्लाफिरा ओठ हलवत ऐकत होती, शाळेतली पोरं कविता पाठ करतात तशी. "ते येणारच होते."

"हो."

"म्हणजे उगाच नाही गेली."

"उगाच नाही."

ती उठली. रेम लुकिचनी बरणी धुतली, मध भरून तिच्या हातात दिली. दारापर्यंत सोडायला गेले. परत आले तेव्हा मी पेटले होते. "बकरीचं कुंपण? तिच्या मेलेल्या पोरीवर तुम्ही बकरीचं कुंपण घातलंत?"

"ती एवढं विचारायला आली, फईना. रिकाम्या हातानं कशी पाठवू?"

"मला माहीत नाही, असं सांगायचं होतं!"

"ते सांगून तिला काय मिळालं असतं?" ते म्हणाले. त्या प्रश्नाचा राग मला अजून आहे.

जूनमध्ये हाल्वोरचं पत्र आलं, वाचनालयाच्या संगणकावर. मी वाचून दाखवलं. तो लिहीत होता, की त्याला रोज कुठे ना कुठे बोलावतात आणि रशियाने असं का केलं ते विचारतात. तो ते कुंपणाचंच सांगतो, लोकांना पटतं, पण त्याला स्वतःला झोप येत नाही. तुम्ही तिथे राहता, रेम लुकिच, खरं कारण काय? रेम लुकिचनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "लिही. मला वाटलं होतं, तुम्हाला माहीत असेल." एवढंच लिहून मी पाठवलं, आणि पत्र पुसून टाकलं.

शरदात जिल्ह्याच्या कचेरीतून एक साहेब आले. तरुण, गुळगुळीत, बुटांवर चिखल पडू नये म्हणून जपणारे. गावात व्याख्यानं सुरू करा म्हणाले. विषय त्यांनीच टाईप करून आणला होता. आपण हे का करत आहोत, त्याची कारणं. युद्ध हा शब्द वापरायचा नाही. जो वापरेल त्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. शेजारच्या गावातल्या संगीताच्या बाईंना त्या शब्दापायी नेलं होतं. रेम लुकिचना पुन्हा फिरतीचा कागद मिळाला, शिक्क्यासकट. साहेब दर गुरुवारी मागच्या रांगेत बसून वहीत लिहीत.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी झाखार आला. ग्लाफिराचा थोरला, चव्वेचाळीस वर्षांचा, दुधाचा टँकर चालवणारा. मोठे कान, आणि चार माणसांत कधी तोंड न उघडणारा. व्याख्यान संपल्यावर तो टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"रेम लुकिच, मी सैन्याच्या कागदावर सही केली. सोमवारी नेतायत."

"मला ते टीव्हीवरचं कळत नाही," झाखार म्हणाला. "पण आईनं सांगितलं. तुम्ही तिला सांगितलेलं. ते येणारच होते, आणि आमची धाकटी मधे सापडली. मग मी काय दूधच वाहत बसू? बरोबर ना? तुम्ही बरोबर म्हणालात तर मला बरं वाटेल."

मागे साहेबांचं पेन थांबलं. रेम लुकिचनी माझ्याकडे पाहिलं. एवढंच म्हणायचं होतं, की झाखार, अरे, मी ते तुझ्या आईला बरं वाटावं म्हणून सांगितलं. दार लावून एका बाजूला नेऊन सांगता आलं असतं. सोमवारपर्यंत चार दिवस होते, घर शेजारी होतं. मी सांगू शकले असते. बकरी मलाही माहीत होती.

"बरोबर," रेम लुकिच म्हणाले.

साहेबांनी लिहून घेतलं. मी खुर्च्या उचलायला लागले. सोमवारपर्यंत ना ते त्याच्याकडे गेले, ना मी. लाज वाटते, पण लिहिते. मला भीती वाटली. संगीताच्या बाई माझ्या ओळखीच्या होत्या.

झाखार फेब्रुवारीत आला, झाळून बंद केलेल्या पेटीत. उघडायची नाही असं सांगितलेलं. ग्लाफिराने पेटीवर हात ठेवून विचारलं, "पोरगा आतच आहे ना रे?" पेटी आणणारा पोरगेला शिपाई म्हणाला, "आहे, आजी." साहेबांनी भाषण केलं, आणि मग रेम लुकिचना पुढे बोलावलं. ते पुढे आले, तोंड उघडलं, आणि बर्फातच खाली बसले. लोकांना वाटलं, चक्कर आली.

नवव्या दिवशीच्या जेवणाला ग्लाफिराकडे आम्ही बायका होतो. मध घातलेला गहू होता, धिरडी होती. सगळ्या गेल्या आणि मी भांडी विसळत राहिले, तेव्हा रेम लुकिच आले. रिकाम्या हातांनी. त्यांना तसं आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. टोपी न काढता ते म्हणाले, "निकितिच्ना, मी खोटं सांगितलं. का ते मला माहीत नाही. कधीच माहीत नव्हतं. वर्तमानपत्रात यायचं ते वाचायचो, परके म्हणायचे ते ऐकायचो, आणि मधलं मनाचं घालायचो. मला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. ते येणार नव्हते. तुमची दोन्ही मुलं माझ्या जिभेनं गेली."

ग्लाफिरा उठली. मला वाटलं, मारणार. मारावं, असं मला मनापासून वाटलं. तिने दाराला कडी घातली, खिडकी लावली, परत येऊन बाकावर बसली, आणि हात मांडीवर ठेवले.

"झालं बोलून?" ती म्हणाली.

"झालं."

"हे दुसऱ्या कुणापुढे बोलू नका. तुम्हाला नेतील, आणि मला सांगायला कोण उरेल? आता नीट सांगा. सपाट देशापासून."

"निकितिच्ना..."

"माझी दोन लेकरं मातीत आहेत, रेम लुकिच. 'मला माहीत नाही' यावर मी जगू कशी? सांगा."

त्यांनी सांगितलं. भिंतीकडे बघत, अडखळत. ती ओठ हलवत होती.

त्यानंतर दर गुरुवारी. वाचनालयातली व्याख्यानं त्यांनी तब्येतीचं कारण देऊन सोडली, साहेबांनी दुसरा माणूस आणला. पण चार वाजता ते ग्लाफिराकडे जात आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगत. दीड वर्ष. एकदाही चुकवलं नाही, ताप असतानाही गेले. माणूस वाळून काठी झाला. लोक म्हणायचे, बघा, शेजारधर्म असावा तर असा. मी ऐकून घ्यायचे. शेवटी अंथरुणाला खिळले, तेव्हा ग्लाफिरा त्यांच्या उशाशी येऊन बसे आणि ते कुजबुजत सांगत. गेले ते शुक्रवारी.

आता मी जाते. कुणी सांगितलं नाही, पण पहिल्या गुरुवारी चार वाजता ग्लाफिरा माझ्या दारात उभी होती, हातात सायीची बरणी. मला त्या माणसाचा राग आहे, आणि त्याचंच वाक्य न वाक्य मी म्हणते. देश सपाट आहे. आजीनं दोनदा पाहिलं. ते येणारच होते.

परवा मी ऑलेस्याचं वाक्य गाळलं. चुकून नाही, तोंडातून निघेचना. सरळ शेवटावर आले.

"फईना, एक राहिलं," ग्लाफिरा म्हणाली.

"काय राहिलं?"

"तिच्यावर कुणाचा राग नव्हता, ते."

मी म्हटलं. तिच्यावर कुणाचा राग नव्हता.

"हं," ती म्हणाली, आणि मांडीवरचे हात नीट केले. "आता झाखारचं सांग."